टू-व्हील ड्राइव्ह पिकअप, रिकामा हौदा: बर्फात मागचं एकच चाक गरगरतं, आधी काय बदलावं?

डोंगरवाट (प्रश्न)

मुक्काम डेन्व्हर, कोलोरॅडो. गाडी २००५ ची शेव्हरोले सिल्व्हराडो १५००, ५.३ लिटर व्ही८, एक्स्टेंडेड कॅब, ऑटोमॅटिक, ओढ फक्त मागच्या चाकांना. मागे पाटे. टायर २४५/७० आर १७ ऑल-सीझन, नक्षी जेमतेम ५ मिमी उरली आहे. हौदा बहुतेक वेळा रिकामा असतो.

वापर दोन तऱ्हेचा आहे. हिवाळ्यात दर आठवड्याला आय-७० महामार्गाने आयझेनहॉवर बोगद्यापलीकडे जावं लागतं. उन्हाळ्यात जंगल खात्याचे कच्चे रस्ते: खोल चाकोऱ्या, सैल खडीचे चढ, मध्येच वितळलेल्या बर्फाचा चिखल. दबलेल्या बर्फावर चढात थांबलं की उजवं मागचं चाक जागेवर फिरतं, डावं हलतही नाही. कच्च्या रस्त्यावर चाकोरी तिरपी ओलांडतानाही तेच होतं.

दोन्ही मागची चाकं जॅकवर उचलून एक चाक हाताने फिरवलं, तर दुसरं उलट दिशेने फिरतं. म्हणजे डिफरन्शियल (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी एक्सलमधली गिअरची पेटी) साधं आहे असंच ना? लॉकर (दोन्ही चाकं एकत्र जोडून टाकणारा भाग) बसवावा, वाळूची पोती टाकावीत की आधी टायर घ्यावेत? सगळं मिळून १,५०० डॉलरपर्यंत जाता येईल. फोर-व्हील ड्राइव्ह घेणं सध्या शक्य नाही.

पान्हा१९

हाताने चाक फिरवून पाहण्याची परीक्षा या गाडीला लागू पडत नाही. क्लच-प्लेटचं लिमिटेड स्लिप (एका चाकाचं घसरणं मर्यादेत ठेवणारं डिफरन्शियल) असेल तर दोन्ही चाकं एकाच दिशेने फिरतात, हे खरं. पण जनरल मोटर्स या पिकअपमध्ये जी८० नावाने जे डिफरन्शियल देते, ते ईटनचं यांत्रिक लॉकर आहे आणि एरवी ते साध्यासारखंच वागतं. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला साधारण १०० फेऱ्यांचा फरक पडला की आतली वजनं बाहेर फेकली जातात, खिटी अडकते आणि दोन्ही बाजू एक होतात. हाताने सावकाश फिरवलं तर त्याला जाग येतच नाही.

त्यापेक्षा ग्लोव्ह बॉक्स उघडा. आत तीन-तीन अक्षरांच्या संकेतांचं स्टिकर आहे. त्यात जी८० शोधा. जीयू६ दिसलं तर क्राऊन-पिनियनचं (एक्सलमधल्या मुख्य दातेरी जोडीचं) गुणोत्तर ३.४२, जीटी४ म्हणजे ३.७३, जीटी५ म्हणजे ४.१०. पुढे कुठलाही भाग मागवताना हे लागणारच आहे.

जी८० निघालं आणि तरीही एकच चाक फिरत असेल, तर दोन शक्यता. एक, आतल्या प्लेट झिजल्या आहेत. बहुतेकदा तेल वर्षानुवर्षं न बदलल्याने. दुसरी, तुम्ही ॲक्सिलरेटरचं पॅडल इतकं हळू दाबता की १०० फेऱ्यांचा फरक पडतच नाही. सुरुवातीला चाक क्षणभर नीट फिरू द्यावं लागतं, ‘टक्’ असा झटका बसला की पॅडल तिथेच स्थिर धरायचं. एक चाक कोरड्या डांबरावर आणि दुसरं बर्फावर असताना पॅडल पूर्ण दाबू नका. जोरात फिरणारं चाक अचानक अडकवलं गेलं की डिफरन्शियलची पेटी फुटल्याची उदाहरणं भरपूर आहेत.

घर्षणांक

डिफरन्शियल उघडण्याआधी थोडा हिशेब करा. आकडे ठोकळ आहेत, पण चित्र स्पष्ट होतं.

रिकामी गाडी अंदाजे २,१०० किलो. त्यातलं मागच्या चाकांवर येतं फार तर ४१-४२ टक्के, म्हणजे ८७० किलो. दबलेल्या बर्फावर झिजलेल्या ऑल-सीझन टायरचा घर्षणांक ०.२ धरू. म्हणजे मागची दोन्ही चाकं मिळून जास्तीत जास्त १७४ किलोचा रेटा देऊ शकतात. बोगद्याच्या बाजूचे चढ ७ टक्क्यांपर्यंत आहेत. एवढ्या चढाला १४७ किलो लागतात, आणि ताज्या बर्फातून चाकं ढकलायला आणखी ४० तरी. बेरीज १८७. गाडी अडकली, आणि यात डिफरन्शियलचा काडीचाही दोष नाही.

आता २७ किलोची चार पोती टाका, ११० किलो धरू. रेटा १९६ झाला. पण गाडीही जड झाली, म्हणून गरजही १९७ पर्यंत चढली. अजून अडकलेलीच! पोती काढून फक्त हिवाळी टायर लावले आणि घर्षणांक ०.३ झाला, तर रेटा २६१. टायर आणि पोती दोन्ही असतील तर २९४. पैसे आधी कुठे घालायचे हे यातच दिसतं.

लॉकरचं काम वेगळ्या जागी आहे. समजा उजवं चाक काचेसारख्या बर्फावर आहे, घर्षणांक ०.०८, डावं दबलेल्या बर्फावर, ०.२. साधं डिफरन्शियल दोन्ही बाजूंना सारखाच पीळ (टॉर्क) देतं, म्हणून कमजोर चाकाला जेवढं झेपतं तेवढंच दुसऱ्यालाही मिळतं: ३५ आणि ३५, एकूण ७०. दोन्ही चाकं जोडलेली असतील तर ३५ आणि ८७, एकूण १२२. फरक मोठा आहे, पण दोन्ही चाकांखाली वेगवेगळी जमीन असेल तेव्हाच. दोन्ही चाकं एकसारख्या बर्फावर असतील तर लॉकर एका किलोचीही भर घालत नाही.

टायर घेताना बाजूवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चिन्ह आहे का पाहा. नुसतं एम+एस पुरेसं नाही, ते नक्षीच्या आकारावरून मिळतं. हिमकणाच्या चिन्हासाठी बर्फावर चाचणी द्यावी लागते. खऱ्या हिवाळी टायरचं रबर ७ अंशांखालीही मऊ राहतं. आणि चारही घ्या. फक्त मागे लावले तर गाडी निघेल छान, पण वळणार नाही आणि थांबणारही नाही, कारण ब्रेकचं जास्त काम पुढची चाकं करतात.

आय-७० च्या मॉरिसन ते डॉट्सेरो या टप्प्यात १ सप्टेंबर ते ३१ मे नक्षी किमान ३/१६ इंच, म्हणजे पावणेपाच मिमी लागते. तुमचे ५ मिमीचे टायर या हिवाळ्यातच त्याखाली जातील.

पाटाकमान

पोत्यांबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण यात बहुतेकांची चूक होते.

पोती फाळक्याला टेकवून ठेवू नका. तुमच्या गाडीचा व्हीलबेस सुमारे ३.६५ मीटर. मागच्या एक्सलच्या एक मीटर मागे ११० किलो ठेवले, तर मागच्या चाकांवर १४० किलो वाढतात, पण पुढच्या चाकांवरून ३० किलो उचलले जातात. बर्फात स्टिअरिंगला नेमके तेच ३० किलो हवे असतात. वजन एक्सलच्या बरोबर वर किंवा हाताच्या वितीएवढं पुढे असावं. चाकांच्या कमानींमध्ये आडवी दोन-बाय-सहाची फळी अडकवून त्यामागे दुसरी, आणि मधल्या खणात पोती, अशी चौकट करा. आतल्या कड्यांना पट्ट्याने बांधा. सुटं पोतं जोरात ब्रेक लागल्यावर केबिनच्या मागच्या काचेवर येतं.

लांबट नळीसारखी वाळूची पोती मिळतात, ती घ्या. वाळू कोरडी हवी. ओली असेल तर रात्रीत गोठून दगड होते आणि अडकल्यावर चाकाखाली पसरायला उपयोगी पडत नाही. १२५ ते १५० किलोंपलीकडे जाऊ नका. जास्त वजन म्हणजे उतारावर थांबायलाही जास्त अंतर.

उतारावरून आठवलं. तुमच्या गाडीत इंजिन-ब्रेक फक्त मागच्या, म्हणजे हलक्या चाकांवर लागतो. काचेसारख्या बर्फावर उतरताना एकदम खालचा गिअर टाकला तर मागची बाजू पुढे यायला बघते. गिअर उतार लागायच्या आधीच खाली आणा. मागचं टोक हललंच तर पॅडल सोडा, न्यूट्रलमध्ये टाका, स्टिअरिंग जायच्या दिशेला धरा.

रॉकगार्डन

टायरचं पटतं. पण कच्च्या रस्त्यासाठी कमी पैशात सगळ्यात जास्त फरक लंचबॉक्स लॉकरने पडतो. आतले चार गिअर, म्हणजे दोन साइड आणि दोन स्पायडर, काढून त्या जागी दात असलेले दोन जोड बसवायचे. डिफरन्शियलची पेटी तीच, क्राऊनला हात लावायचा नाही, बॅकलॅश (दातांमधली मोकळी फट) मोजायचा नाही. हाताशी सराव असेल तर घरीच एका दिवसात होतं. चाक हवेत गेलं तरी दुसऱ्याला पूर्ण पीळ मिळतो.

घर्षणांक

खडकाळ वाटेवर चालणाऱ्या गाडीला ठीक. पण प्रश्नकर्ता दर आठवड्याला बर्फातल्या महामार्गावर आहे, आणि तिथे मी हा सल्ला ठामपणे नाकारतो.

कारण असं. एकच चाक फिरत असतं तेव्हा दुसरं, न फिरणारं चाक गाडीचं मागचं टोक आडवं जाऊ देत नाही. तेच सुकाणू असतं. दोन्ही चाकं एकदम निसटली की हे सुकाणू गेलं. रस्ता कडेला उतरता असेल, आणि पाणी वाहून जावं म्हणून तो असतोच, तर मागची बाजू हळूच गटाराकडे सरकते. लंचबॉक्स लॉकर पॅडल दाबलेलं असताना जोडलेला असतो आणि सोडलं की वळणात सुटतो. वळणाच्या मध्यावर पॅडल कमी-जास्त केलं की मागच्या चाकांचं वागणं तिथल्या तिथे बदलतं. रिकाम्या हौद्याच्या पिकअपला बर्फावर हे झेपत नाही, आणि ते बंद करण्याचं बटण नसतं.

दोन्ही वापरांसाठी गिअरवर चालणारं लिमिटेड स्लिप बसवावं, ट्रूट्रॅकसारखं. त्यात तिरप्या दातांचे गिअर पिळाखाली पेटीला दाबले जातात आणि घसरत्या चाकाच्या अडीच-तीन पट पीळ दुसऱ्याला देतात. वरच्या हिशेबात ३५ च्या तिप्पट १०५ होतात, गरज होती ८७ ची, म्हणजे काम झालं. झटका नाही, प्लेटची झीज नाही.

डोंगरवाट

स्टिकर पाहिलं. जीयू६ आहे, जी८० नाही. म्हणजे साधंच.

ट्रूट्रॅकबद्दल एक शंका: चाक पूर्ण हवेत गेलं तर शून्याची तिप्पट शून्यच ना? तेव्हा पार्किंग ब्रेक थोडा दाबावा असं वाचलं आहे. ते आत्ताच्या साध्या डिफरन्शियललाही चालेल का?

घर्षणांक

शून्याची तिप्पट शून्य, बरोबर. आणि ब्रेकची युक्ती साध्या डिफरन्शियलला चालत नाही. तसं सर्रास सांगितलं जातं तरी. नीट बघा. पार्किंग ब्रेक दोन्ही मागच्या चाकांना सारखाच लागतो. हवेतल्या चाकाला ब्रेकने ५० चा विरोध केला, तर साधं डिफरन्शियल दुसऱ्या चाकालाही ५० देतं. पण त्या चाकालाही ५० चा ब्रेक लागलेलाच आहे. हाती शून्य.

ट्रूट्रॅकमध्ये हवेतल्या चाकाला ५० चा विरोध झाला की दुसऱ्याला १५० पर्यंत मिळतात, त्यातले ५० ब्रेक खातो, १०० जमिनीपर्यंत पोहोचतात. तुमच्या गाडीत पार्किंग ब्रेक डाव्या पायाने दाबायचा आहे: दोन-तीन ‘कट्’ आवाज येईपर्यंत, ॲक्सिलरेटर हलका, गाडी हलली की लगेच सोडायचा. (फोर-व्हील ड्राइव्ह गाड्यांमधली नवी ट्रॅक्शन कंट्रोल यंत्रणा फक्त घसरत्या चाकाला ब्रेक लावते, म्हणून ती साध्या डिफरन्शियललाही लागू पडते. गल्लत तिथून होत असावी.)

काळीमाती

विदर्भातल्या काळ्या मातीचा आणि बोलेरो पिकअपचा विषय इथे थोडा बाजूचा, पण चिखलाबद्दल एक सांगायला हवं, कारण बर्फाची सवय चिखलात उलटी पडते.

बर्फ बर्फाला धरतो. हिवाळी टायरच्या बारीक चिरांमध्ये भरलेला बर्फ रस्त्यावरच्या बर्फाला चिकटतो, म्हणून तिथे चाक फिरू न देणं महत्त्वाचं. फिरलं की खालचा थर तापून वितळतो आणि पुन्हा काच होते. चिकणमातीत उलट. मातीने खाचा भरल्या की टायर गुळगुळीत लाटणं होतो. चाकाला थोडा वेग दिला की माती बाहेर फेकली जाते आणि कड पुन्हा चावते. म्हणून चिखलाच्या टायरला खाचा रुंद आणि मोकळ्या असतात, आणि तेच टायर दबलेल्या बर्फावर वाईट. एकाच टायरकडून दोन्हीची अपेक्षा ठेवू नका. उन्हाळ्यात ऑल-टेरेन आणि नोव्हेंबर ते मार्च हिवाळी, असे दोन संच जुन्या रिमवर बसवून ठेवणं परवडतं, कारण दोन्ही अर्ध्या वेगाने झिजतात.

पण वेग द्यायलाही हद्द आहे. चाक एक्सलपर्यंत रुतलं आणि डिफरन्शियलची पेटी मातीवर टेकली की गाडी चाकांवर उभीच नसते. मग लॉकर, टायर, काही चालत नाही. फावडं घ्यायचं आणि आधी पेटीखालची माती काढायची, मग चाकांपुढची. लोक चाकांपुढेच खणत बसतात.

इथे महिंद्राच्या थारच्या आणि बोलेरो निओच्या वरच्या प्रकारांत मागे यांत्रिक लॉकिंग डिफरन्शियल येतं, ते वर सांगितलेल्या जी८० च्याच तत्त्वावर चालतं.

रॉकगार्डन

हवेबद्दल कोणी लिहिलं नाही. कच्च्या रस्त्यावर ३५ पीएसआयवरून २२-२४ वर या. टायरचा ठसा लांब होतो, दगडावर बसतो, खडीत कमी खणतो. मऊ वाळू असेल तर १८. साध्या रिमवर १५ खाली जाऊ नका, वळताना टायरची कड रिमवरून निसटते. परत डांबरावर येण्याआधी पंपाने भरा. कमी हवेवर महामार्गाचा वेग म्हणजे तापून फुटणं.

बर्फाच्या डांबरी रस्त्यावर मात्र हवा कमी करू नका, दरवाजाच्या पट्टीवर लिहिली आहे तेवढीच ठेवा. तापमान साडेपाच अंशांनी उतरलं की साधारण १ पीएसआय कमी होतो. २० अंशांच्या गॅरेजमध्ये ३५ भरलेला टायर बाहेर उणे २० मध्ये २८ दाखवतो. थंड टायरची हवा बाहेरच मोजा.

पान्हा१९

ट्रूट्रॅक बसवायचं ठरलं तर गॅरेजला देतानाही हे माहीत असू द्या. तुमच्या गाडीचा एक्सल १० बोल्टच्या झाकणाचा, ८.६ इंची क्राऊनचा आहे, ३० खाचांच्या एक्सल शाफ्टचा. मागवण्याआधी झाकणाचे बोल्ट मोजा. ३.४२ असो की ४.१०, पेटी तीच चालते.

झाकण काढून तेल काढून टाका. सुटं करण्याआधी डायल गेजने बॅकलॅश चार ठिकाणी मोजा आणि लिहून ठेवा. क्राऊन-पिनियन जुनेच राहणार आहेत आणि ते एकमेकांना झिजून बसलेले असतात, म्हणून नव्या जोडीचा आकडा पुस्तकातून आणून लावू नका. होता तेवढाच परत आणा. मग मधल्या पिनचा लॉक बोल्ट काढा. तो बारीक असतो आणि जोर केला तर आतच तुटतो. आधी किंचित घट्ट करून मग सोडवा, आणि परत लावताना नवाच वापरा, थ्रेडलॉकर लावून. पिन बाहेर काढली, शाफ्ट आत ढकलले की त्यांना धरून ठेवणाऱ्या सी-क्लिप पडतात. बेअरिंग कॅपवर डावी-उजवी खूण करा, त्यांची अदलाबदल चालत नाही.

आता मुख्य गोष्ट. या एक्सलच्या क्राऊनचे बोल्ट उलट्या आट्यांचे आहेत. सवयीने सोडवायला जाल ते घट्ट होतात आणि डोकं तुटतं. बोल्टच्या डोक्यावर एल आहे का बघा.

नवी पेटी, नवी बेअरिंग. दोन्ही बाजूंचे जुने शिम (पातळ चकत्या) बाजूनिहाय मोजून ठेवा आणि तिथूनच सुरुवात करा. बॅकलॅश जास्त आला तर क्राऊनकडच्या बाजूला शिम वाढवा आणि तेवढाच पलीकडून कमी करा, म्हणजे बेअरिंगवरचा दाब बदलत नाही. पिनियनला हात लावायची गरज नाही, त्याची खोली पेटीवर अवलंबून नसते. शेवटी दातांना पिवळी पेस्ट लावून ठसा बघा. तो दाताच्या मध्यावर यावा. शाफ्टची सील आत्ताच बदला, शाफ्ट बाहेर आलेलेच आहेत.

तेल सुमारे २ लिटर, भरायच्या भोकाच्या काठापर्यंत. ट्रूट्रॅकला खनिज ८०डब्ल्यू-९०, जीएल-५. फ्रिक्शन मॉडिफायर घालू नका. तो प्लेटच्या लिमिटेड स्लिपसाठी असतो. इथे घर्षणच काम करतं आणि तुम्ही ते कमी कराल.

डोंगरवाट

ठरलं: या महिन्यात चार हिवाळी टायर, चार पोती आणि फळ्यांची चौकट. ट्रूट्रॅक पुढच्या उन्हाळ्याआधी. शेवटचं: हिवाळी टायर असताना साखळ्या ठेवायच्या का? आणि कुठल्या चाकांना?

पाटाकमान

ठेवा. ज्या चाकांना ओढ त्यांनाच लावायच्या, म्हणजे तुमच्या मागच्या. टायरच्या मापाच्याच घ्या आणि टायर व आतल्या ब्रेकच्या नळीमध्ये जागा किती ते मालकाच्या पुस्तकात बघून घ्या. घरासमोर कोरड्या जागी दोनदा लावून पाहा, हातमोजे घालून. लावल्यावर शे-दीडशे मीटर चालवून थांबायचं आणि पुन्हा ताणायचं. पहिल्यांदा कितीही ओढली तरी ती चाकावर बसल्यावर सैल पडतेच. ताशी ५० किलोमीटरच्या वर जायचं नाही. डांबर उघडं दिसलं की काढायच्या. तुटलेलं टोक ब्रेकची नळी फाडतं, म्हणून टकटक आवाज आला की तिथेच थांबा.

निघताना गिअर लिव्हर २ वर ठेवा. या गिअरबॉक्समध्ये गाडी त्या जागी थेट दुसऱ्या गिअरमध्ये सुटते, चाकावर पीळ कमी येतो. पोत्यातली थोडी वाळू डब्यात वेगळी काढून केबिनमध्ये ठेवा, हौद्यावर बर्फ साचल्यावर पोती सापडत नाहीत.